अडनिड्या मापाचा दरवाजा

मुलुंडमध्ये ज्यांच्या घरी न्हाणीघराला अ‍ॅल्युमिनियमचा दरवाजा आहे, त्यांतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल, पण तो दरवाजा दत्ताराम धुरीच्या गाळ्यातून आलेला असतो. खाली-वर बेकेलाइटची शीट, चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आतून एक कडी, बाहेरून एक. पाण्याने कुजत नाही, फुगत नाही, आणि कडी लावली की आतला माणूस आत आणि जग बाहेर. असे दरवाजे दत्तारामने किती केले असतील ते त्यालाही सांगता येणार नाही. लोकांच्या घरी जाऊन तो मापं घ्यायचा, ती बहुतेक एकसारखीच निघायची, आणि गृहिणींना मोठ्या विश्वासाने सांगायचा, "वहिनी, कडी एकदम फिट. बाहेरून कितीही ढकला, उघडणार नाही." हे सांगताना आपल्या स्वतःच्या बायकोला दिवसभर बसायला जो गाळा आहे, तिथल्या मोरीला कडीच काय, दरवाजाच नाही, हे त्याच्या मनात येत नसे. येत असेल तरी फार वेळ टिकत नसे.

दत्ताराम मूळचा कणकवलीकडचा. बाप परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि घर भांडुपला आलं. पोराने भांडुपच्याच एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम कापायला, भोकं पाडायला, रिव्हेट मारायला शिकून घेतलं आणि पुढे धडपड करून मुलुंडच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर स्वतःचा गाळा घेतला. लांबट, अरुंद, एका टोकाला शटर आणि दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात मोरी. मोरीत आधीच्या मालकाने बसवलेलं शौचालयाचं भांडं होतं. भोवती भिंत नव्हती. आधीच्या मालकाकडे सगळे पुरुषच होते, त्यामुळे ती कोणाला लागली नव्हती. दत्तारामने एक तार ताणली आणि तिच्यावर कुठल्याशा कोचिंग क्लासचा जुना फ्लेक्स टाकला. त्यावर दहावीत पहिली आलेली मुलं ओळीने हसत होती. झाला आडोसा.

सुनंदा, त्याची बायको, गाळ्यावर यायला लागली ती तात्पुरती म्हणून. रबर भरणारा माणूस गावी गेला आणि आलाच नाही. खिडकीच्या चौकटीत काच बसली की कडेने रबराची पट्टी दाबत न्यायची असते. दिसायला सोपं, पण बोटांना जीव लागतो आणि धीरही. सुनंदाकडे दोन्ही होतं. पंधरा दिवसांकरता आलेली बाई मग गाळ्यावरच राहिली. भीमराज हा फिटर आणि चंद्रप्रकाश हा काच कापणारा, दोघंही तिला मानायचे. भीमराज तिला वहिनी म्हणायचा, चंद्रप्रकाश भाभी. एखाद्या दरवाजाला कोपऱ्यात दोरा जाईल एवढी फट राहिली तरी सुनंदा तो परत करायला लावायची. गाळ्याचं नाव झालं त्यात अर्धा वाटा तिचा होता, आणि दत्ताराम हे चारचौघांत सांगायचासुद्धा.

आता तीन बाप्ये आणि एक बाई, मध्ये एक फ्लेक्स. सुनंदाने त्याच्यावर सरळ उपाय काढला. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं, संध्याकाळी घरी पोचल्यावर जायचं, आणि मधल्या वेळात पाणी प्यायचं नाही. चहा आला की ती म्हणायची, मला पित्त होतं. उन्हाळ्यात सगळे घटाघटा पाणी प्यायचे तेव्हा ती ओठ ओले करून बाटली खाली ठेवायची. इस्टेटच्या फाटकाजवळ सार्वजनिक मुतारी होती, पण तिथे टेम्पोवाले उभे असायचे आणि बायकांच्या बाजूचा दरवाजा कधीचा गळून पडला होता. तिथे ती एकदाच गेली. परत आली ती रडवेली होऊन, आणि काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

अगदीच निभावेना झालं की ती दत्तारामकडे नुसती बघायची. मग तो काय करायचा, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापण्याचा कटर चालू करायचा. पट्टी न लावता, रिकामा. कटरचं पातं फिरायला लागलं की अख्खा गाळा कर्कश आवाजाने भरून जायचा. भीमराज आणि चंद्रप्रकाश इतकी वर्षं एकत्र काम करून हे शिकले होते, की मालक रिकामा कटर फिरवतोय म्हणजे आपण चहाला जायचं. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ते निमूट बाहेर पडायचे, दत्ताराम शटर अर्धं खाली ओढायचा आणि पाठ करून उभा राहायचा. आपण बायकोची किती काळजी घेतो असं त्याला अशा वेळी मनापासून वाटायचं. माणूस वाईट नव्हता हो. पण चांगल्या माणसाचं हेच असतं, थोडंसं केलं की त्याचं समाधान होतं, आणि उरलेलं राहून जातं.

असं नाही की त्याने भिंत घालायचं मनावर घेतलं नाही. घेतलं, अनेकदा. पण अडचणी होत्या. एक तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी येते बारा फुटी, कधी सोळा फुटी. कटर गाळ्याच्या मधोमध. पट्टी कापायला लावली की तिचं मागचं टोक थेट मोरीवर जायचं. तिथे भिंत आली तर पट्टी जाणार कुठून? "ह्याच्यावर कायतरी डोका लावूक व्हया," असं दत्ताराम म्हणायचा, आणि डोकं लावण्याइतका वेळ कधी मिळायचा नाही.

आणि दुसरं म्हणजे दरवाजा. तो तर त्याने केलासुद्धा होता. एका रिकाम्या आठवड्यात, चांगली जाड शीट घेऊन, दत्तारामने बायकोसाठी दरवाजा केला. फिकट निळ्या रंगाचा, कारण तिला तो रंग आवडायचा. रबर तिने स्वतः भरलं. दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला, आता रविवारी चौकट ठोकायची एवढंच बाकी. तर शनिवारी वैशालीनगरातले एक गृहस्थ धावत आले. घरात मुलीचं लग्न, पाहुणे येऊन उतरलेले, आणि न्हाणीघराचा दरवाजा बिजागरीतून निखळून पडला. आजच्या आज पाहिजे. दत्ताराम त्यांना नाही म्हणत होता. त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या निळ्या दरवाजावर गेली. दत्तारामने सुनंदाकडे बघितलं, आणि सुनंदाच म्हणाली, "देवन टाका. लग्नघर आसा तेंचा."

माप बाकी अचूक बसलं. बसणारच. दत्तारामचा हात वर्षानुवर्षं एकाच मापाचा दरवाजा करत आलेला. या उपनगरातल्या झाडून सगळ्या न्हाणीघरांना तो बसायचा. बायकोसाठी दरवाजा केला तेव्हाही हाताने तेच माप घेतलं. तीच त्याची चूक. त्याने जर कोणाला बसणार नाही असा दरवाजा केला असता, तर तो भिंतीपाशीच राहिला असता.

दुसरा दरवाजा केला तो एका नव्या इमारतीत गेला; बिल्डरचा माणूस एक नग कमी पडला म्हणून येऊन बसला होता. तिसरा मात्र भीमराजच्या घरी गेला. भीमराजला विक्रोळीला खोली मिळाली होती. त्याची बहीण चेतना बाळंतपणाला त्याच्याकडे आली, आणि नव्या खोलीत मोरीला नुसता पडदा. भीमराजने मागितला नव्हता, तो मागणाऱ्यातला नव्हताच. बोलता बोलता त्याच्या तोंडून घरची अडचण निघाली आणि सुनंदाने हातातलं रबर खाली ठेवलं. "बाळंतीण बाई पडद्याआड कशी राहील? तिला आडोसा नको? तो उभा आहे तो घेऊन जा," ती म्हणाली. भीमराज नको नको म्हणाला तर तिने चंद्रप्रकाशला सांगून दरवाजा टेम्पोत चढवला. बाळंतिणीला आडोसा पाहिजे हे तिला लगेच कळलं. स्वतःला पाहिजे हे तिने कधी अशा आवाजात सांगितलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे. तिला ते येत नव्हतं. आपल्याकडे बायकांना ते शिकवतच नाहीत.

तिला थंडी वाजून ताप यायला लागला तेव्हा सगळ्यांनी हवेला दोष दिला. गल्लीतल्या डॉक्टरने लघवीला जंतू झालेत म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या खाल्ल्या की बरं वाटायचं, बरं वाटलं की ती उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून गाळ्यावर यायची. दोन-चार महिन्यांनी परत तेच. डॉक्टर म्हणायचा, पाणी भरपूर प्या. ती मान हलवायची. कंबर दुखायची तर ती दिवसभर स्टुलावर बसून दुखते असं धरून चालली. दत्तारामने तिला पाठीची खुर्ची आणून दिली. पाय सुजले तर मोठ्या मापाची चप्पल घेतली. रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता, तो केव्हा वाढून बसला कोणाला कळलं नाही. जान्हवी, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन बोरीवलीला गेली होती. ती माहेरपणाला आली आणि आईचा चेहरा बघून दारातच थबकली. "आई, तुझं तोंड किती सुजलंय गं. पप्पा, तुम्ही रोज बघता ना हिला?" तिने विचारलं. रोज बघणाऱ्याला काय दिसणार? तिने त्याच दिवशी आईला तपासणीला नेलं.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. दत्तारामने त्यांना विचारलं की दिवसभर पाणी न पिऊन, लघवी दाबून ठेवून असं होतं का. डॉक्टरांनी घाईने हो म्हटलं नाही. ते म्हणाले, एकाच कारणाने असं होत नाही काका, बीपी होतं, इन्फेक्शन सारखं होत राहिलं, औषध अर्धवट झालं, पाणी कमी पडलं, सगळं मिळून होतं. त्यांना त्याचा भार हलका करायचा होता. दत्तारामने त्या सगळ्या यादीतलं एकच उचललं आणि घरी नेलं. ते मग त्याच्या छातीवरून उठलंच नाही.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा सुनंदाला रिक्षाने न्यायचं, तिथे चार तास तिचं रक्त यंत्रातून फिरायचं, आणि ती घरी यायची ती पिळून काढल्यासारखी होऊन. तिथल्या नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात खाण्यापिण्याचं समजावलं. केळं नको, नारळपाणी नको, आणि पाणी अगदी मोजून. तहान लागली तर बर्फाचा खडा चघळा. दत्ताराम बाजूला बसून ऐकत होता. सुनंदा हसली आणि त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, "पाणी कमी पिवक माका कोणी शिकवूक नको." तिने ते गमतीतच म्हटलं. त्याला तिथून उठून जिन्यात जाऊन उभं राहावं लागलं.

पावसाळा गेला, गणपती गेले. ज्या दिवशी डायलिसिस नसे त्या दिवशी सुनंदा घरी खिडकीत बसून असायची. टीव्हीचा तिला कंटाळा. भांडी घासायला जान्हवीने बाई लावून दिली होती, ती बाई भांड्यांच्या कडांना साबण तसाच ठेवते म्हणून हिची चिडचिड. एके दिवशी ती म्हणाली, मला गाळ्यावर घेऊन चला. रबर भरीन, दोन तास बसेन, माणसांत राहीन. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले जाऊ द्या, झेपेल तेवढंच करू दे, मन रमेल.

दत्ताराम तिला म्हणाला, थोडं थांब. आधी मी तिथलं काम करतो, मग तू ये. कुठलं काम ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, दोघांनाही कळलं. ती त्यावर काहीतरी बोलणार होती. तिने तोंड उघडलंही, पण त्याचा चेहरा इतक्या दिवसांनी जरा उजळला होता, म्हणून ती नुसती बरं म्हणाली.

दत्तारामचं आता एकच म्हणणं होतं. सुनंदाने त्या गाळ्यात येऊन, कोणाकडे न बघता, कटर न फिरवता, आपल्या पायांनी जावं, कडी लावावी आणि मोकळं होऊन बाहेर यावं. एकदा. एवढं जरी झालं तरी त्याला रात्री झोप लागली असती. देवाकडे त्याने तिचं मूत्रपिंड मागून पाहिलं होतं, त्याचं काही चिन्ह दिसत नव्हतं. निदान हे तरी आपल्या हातातलं आहे, असं तो मनाशी म्हणाला.

त्याने हातातली दोन कामं पुढे ढकलली. गिऱ्हाइकांनी फोन करून बोल लावले, ते ऐकून घेतले. आधी प्रश्न आला पट्टीचा. बारा फुटी पट्टी जाणार कुठून? तो आणि भीमराज गाळ्यात उभे राहून बघत राहिले. मग भीमराजने कटरच्या टेबलाचं एक टोक धरलं, दत्तारामने दुसरं, आणि त्यांनी टेबल तिरकं फिरवलं. आता पट्टीचं टोक मोरीवर न जाता शटरमधून बाहेर मोकळ्या जागेत जात होतं. एक लांब पट्टी लावून बघितली. सुरळीत गेली. टेबलाच्या पायांना नवीन बोल्ट मारून झाले तेव्हा चहासुद्धा आला नव्हता.

इतकंच होतं ते. इतकी वर्षं जे अडलं होतं ते दोन माणसांनी टेबल फिरवण्याइतकंच होतं. दत्तारामने पाना उचलला आणि घट्ट बसलेले बोल्ट पुन्हा एकदा आवळायला घेतले.

भिंती विटांच्या घातल्या, तीन फूट रुंद, चार फूट लांब, वर छतापर्यंत, म्हणजे आवाजही बाहेर जायला नको. जुनं भांडं काढून टाकलं. सुनंदाच्या पायांना आता खाली बसणं होणार नव्हतं, म्हणून कमोड आणला. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. वर हवा खेळायला लहानशी खिडकी, तिला दुधी काच. ती चंद्रप्रकाशने आपल्या हाताने कडा घासून गुळगुळीत करून बसवली. बादली-मग, साबण ठेवायला कोनाडा, आरसा. फ्लेक्स उतरवला तेव्हा त्यावरच्या पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे उडून पांढरे झाले होते.

चौकट ठोकायच्या दिवशी भीमराज उशिरा आला. विक्रोळीहून टेम्पोत घालून त्याने आपल्या घरचा दरवाजा सोडवून आणला होता. तो गाळ्याच्या दारात उभा केला आणि म्हणाला, "भाऊ, हा वहिनींचाच आहे. आम्ही आता पडदा लावला."

दत्तारामने दरवाजावरून हात फिरवला. कडेचं रबर अजून जसंच्या तसं होतं, कुठे सुटलं नव्हतं. पण त्याने तो दरवाजा ठेवून घेतला नाही. चेतना अजून तुझ्याकडेच आहे, तिची मुलगी आता चालायला लागलीय, घरात बायामाणसं आहेत, हा परत ने आणि आजच लाव, असं त्याने भीमराजला जवळजवळ रागावून सांगितलं. आणि मग म्हणाला, "ह्या वेळी मी असा दरवाजा करणार आहे की तो कोणाच्या बापाला बसणार नाही."

तसाच केला. माप मुद्दाम अडनिडं घेतलं. नेहमीच्या दरवाजापेक्षा चार बोटं रुंद आणि उंचीला आखूड, वरची एक बाजू तिरपी कापलेली, चौकटही तशीच. हाताला सवय नसल्यामुळे पट्टी दोनदा चुकली. शीट फिकट निळीच आणली. आतून कडी लावली ती पितळेची, जड, सरकवली की ठणकन बसणारी. हा दरवाजा आता लग्नघराला बसणार नव्हता, बिल्डरला बसणार नव्हता, मुंबईत दुसऱ्या कुठल्याही न्हाणीघराला बसणार नव्हता. तो फक्त सुनंदाला बसणार होता.

दिवाळी सरली आणि एका सकाळी दत्ताराम तिला रिक्षातून गाळ्यावर घेऊन आला. तिने साधीच पण इस्त्रीची साडी नेसली होती, डायलिसिसच्या सुया टोचलेला हात पदराखाली झाकलेला. भीमराजने खुर्ची पुसून ठेवली होती. चंद्रप्रकाशने शटरला तोरण लावलं होतं, उगाच, काही पूजा नव्हती. सुनंदाने आल्या आल्या गाळाभर नजर फिरवली, तिरकं टेबल बघितलं, आणि मग ती निळ्या दरवाजासमोर येऊन उभी राहिली. तिने बोटाने चौकटीचा कोपरा चाचपून पाहिला, सवयीप्रमाणे. फट नव्हती.

"काय, पास काय?" दत्तारामने विचारलं.

ती पास म्हणाली. सगळे हसले. मग दत्ताराम जरा खालच्या आवाजात म्हणाला, जाऊन ये ना. एकदा बघ तरी. भीमराज आणि चंद्रप्रकाशने लगेच आपापल्या कामात डोकं घातलं. कोणाला बाहेर जायची गरज नव्हती आता.

सुनंदा आत गेली. कडी ठणकन बसली.

दत्ताराम एक पट्टी हातात घेऊन उभा राहिला. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून घेतलेली. तो ऐकत नव्हता असं म्हणता येणार नाही. बराच वेळ गेला. आतून पाण्याचा आवाज आला नाही, बादलीचा नाही, कसलाच नाही. त्याला वाटलं, लाजत असेल, सवय नाही. मग त्याला भीती वाटली, चक्कर तर आली नसेल? तो हाक मारणार इतक्यात कडी निघाली आणि ती बाहेर आली. तिचा चेहरा शांत होता. तिने दरवाजा मागे नीट लावून घेतला.

फ्लश नीट चालला का, असं त्याने विचारलं. तिने त्याच्या हातातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि त्याला मोरीकडच्या भिंतीजवळ बाजूला घेतलं.

"माका आता लघवीच होणा नाय," ती म्हणाली. "हळूहळू कमी झाली. गणपतीनंतर बंदच. तिकडच्या बाईंका म्हायत आसा. म्हणतत, अशा पेशंटांचा असाच होता."

तो म्हणाला, "माका सांगूक नाय?"

"कसा सांगूचा? तुम्ही विटा आणूक गेल्लात."

"मगे आत काय करत होतंस इतको वेळ?"

"बसलंय," ती म्हणाली. "कडी लावून. बरा वाटला."

एवढं सांगून ती आपल्या खुर्चीकडे गेली. भीमराजने पुढ्यात एक खिडकी आणून ठेवली, रबराचं भेंडोळं दिलं. ती एका हाताने चौकट धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने रबर दाबायला लागली. पूर्वीसारखं भराभर जमत नव्हतं, पण पट्टी सरळ जात होती.

दत्तारामने टेबलावरची पट्टी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. मग तो वळला, निळा दरवाजा उघडून आत गेला आणि त्याने कडी लावली. इस्पितळात तो रडला नव्हता, जान्हवीसमोर रडला नव्हता, घरात तर रडायला जागाच नव्हती. कमोडवर बसून, तोंडावर दोन्ही हात धरून, तो रडला. भिंती छतापर्यंत होत्या तरी आवाज बाहेर आलाच.

चंद्रप्रकाशने काच कापायची थांबवली. भीमराज उठून दरवाजाकडे जायला लागला, तेव्हा सुनंदाने मान वर केली.

"नको जाऊस," ती म्हणाली. "बसू दे त्यांना."

आणि ती पुढच्या कोपऱ्याचं रबर भरायला लागली.